पोट, मन आणि "पुरे आता" म्हणणारी रसायनं

२००६ साली युरोपात वजन उतरवणारी एक नवी गोळी विक्रीला आली. नाव रिमोनाबँट. गोळी फसवी नव्हती. भूक खरोखर मंदावायची, वर्षभरात चार-पाच किलो वजन उतरायचं, कंबरेचा घेर आटोक्यात यायचा. पण घेणाऱ्यांपैकी काहींना मळमळ आणि जुलाब सुरू झाले, काही जण कारण नसताना उदास राहू लागले, काहींची झोप उडाली, आणि थोड्यांच्या मनात जीव द्यायचे विचार घोळू लागले. अमेरिकेत २००७ मध्ये तज्ज्ञांच्या समितीनं एकमतानं नकार दिला. ऑक्टोबर २००८ मध्ये युरोपातही विक्री थांबवावी लागली.

भुकेसाठी दिलेलं औषध मनाला का लागलं? इंदूरला फार्मसीच्या मुलांना शिकवताना मी हा धडा याच गोळीपासून सुरू करते. पोट आणि मन यांच्या नात्यावर हल्ली जे काही बोललं जातं, त्यातलं सगळ्यात भक्कम आणि थेट माणसांवर घडलेलं उदाहरण हेच आहे. बाकीचं बरंचसं उंदरांवरचं आहे, आणि जाहिरातवाले ते सांगत नाहीत.

रिमोनाबँट शरीरातला एक रिसेप्टर बंद करायचं, त्याचं नाव सीबी-१. रिसेप्टर म्हणजे पेशीच्या आवरणात बसलेलं प्रथिन. ठरावीक रेणू येऊन त्याला चिकटला की पेशीच्या आत काहीतरी बदलतं. सीबी-१ मेंदूत भरपूर आहे, आणि आतड्याच्या भिंतीतल्या चेतापेशींवरही आहे. रक्तातून फिरणाऱ्या गोळीला "तू पोटातच थांब, वर जाऊ नकोस" असं कोण सांगणार? ती दोन्हीकडे गेली आणि दोन्हीकडे तिनं आपलं काम केलं.

या सगळ्या यंत्रणेला एंडोकॅनाबिनॉइड सिस्टम म्हणतात. नाव जिभेला जड आहे, पण तिचा शोध लागला तो आपल्या ओळखीच्या झाडामुळे. १९६४ मध्ये इस्रायलमध्ये राफाएल मेशुलम आणि येहिएल गाओनी यांनी गांजातला नशा आणणारा घटक, टीएचसी, वेगळा काढून त्याची रचना मांडली. १९८८ मध्ये अमेरिकेत ॲलिन हॉवलेट आणि विल्यम डिवेन यांना उंदराच्या मेंदूत त्याला धरणारी जागा सापडली. आता, झाडातल्या पदार्थासाठी मेंदूनं जागा कशाला राखून ठेवावी? शरीर स्वतःच तसलं काही बनवत असणार. १९९२ मध्ये जेरुसलेममध्ये मेशुलम यांच्या प्रयोगशाळेत डुकराच्या मेंदूतून तो रेणू मिळाला: ॲनंडामाइड. (हो, नाव 'आनंद'वरूनच ठेवलंय.) तीन वर्षांनी त्याच गटाला दुसरा मिळाला, टू-एजी. तो कुठे सापडला? कुत्र्याच्या आतड्यात. पहिला मेंदूत आणि दुसरा आतड्यात, तोही ही यंत्रणा दोन्हीकडे आहे हे नीटसं कळायच्या आधीच. मुलांना मी वर्षं पाठ करायला लावत नाही, पण ही दोन ठिकाणं मात्र विचारते.

दोन रेणू, दोन रिसेप्टर (दुसरा सीबी-२, १९९३ मध्ये सापडलेला, मुख्यतः रोगप्रतिकारक पेशींवरचा) आणि काम झालं की रेणू तोडून टाकणारी एन्झाइम्स: ॲनंडामाइडसाठी फाह, टू-एजीसाठी मॅगल. एवढा सगळा पसारा.

हे रेणू करतात काय, ते इंदूरकराला समजायला अगदी सोपं आहे. आपल्याकडे नर्मदेचं पाणी एक दिवसाआड येतं. खालच्या मजल्यावरचे काका मोटार सुरू करून पेपर वाचत बसतात. टाकी भरते, गच्चीवरून धार लागते, आणि जिच्या वाळत घातलेल्या साड्यांवर ती पडते ती वरून ओरडते, "अहो काका, मोटार बंद करा!" चेतापेशींमध्येही निरोप सहसा एकाच दिशेनं जातो. पाठवणारी पेशी रसायन सोडते, समोरची घेते. रसायन फार येऊ लागलं की घेणारी पेशी आपल्याच आवरणातल्या स्निग्ध द्रव्यातून टू-एजी बनवते. ते उलट दिशेनं पाठवणाऱ्या पेशीकडे जातं, तिच्या सीबी-१ला चिकटतं आणि तिचं सोडणं कमी होतं. मेंदूतला हा उलटा निरोप २००१ मध्ये तीन वेगवेगळ्या गटांनी दाखवून दिला.

यातल्या दोन गोष्टी पुढे लागणार आहेत. एक, हे रेणू साठवून ठेवलेले नसतात. गरज पडेल तिथे, पडेल तेव्हा बनतात आणि लगेच तोडले जातात. दोन, त्यांचं मुख्य काम काही सुरू करणं नाही, चाललेलं आवरणं आहे.

आतड्यात काय आवरायचं असतं? आतड्याच्या भिंतीत कोट्यवधी चेतापेशींचं स्वतंत्र जाळं आहे. त्या ॲसिटिलकोलीन सोडतात आणि आतड्याचे स्नायू आकुंचन पावतात, अन्न पुढे सरकतं. सीबी-१ हे सोडणं कमी करतो. मग हालचाल मंदावते, आत पाझरणारं पाणीही कमी होतं. रिमोनाबँटनं हाच रिसेप्टर बंद केल्यावर जुलाब का लागले, ते आता वेगळं सांगायला नको. सीबी-२ रोगप्रतिकारक पेशींना शांत ठेवतो, म्हणजे आतड्याला सूज असेल तेव्हा त्याचं महत्त्व वाढतं.

मेंदूत काय आवरायचं? ताण. भीतीची नोंद घेणारा ॲमिग्डाला नावाचा भाग आहे. प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसतं ते असं: ताण आला की तिथलं ॲनंडामाइड भराभर तोडलं जातं, त्यामुळे ताणाची प्रतिक्रिया सुटी होते. थोड्या वेळानं टू-एजी वाढतं आणि ती प्रतिक्रिया बंद करायला मदत करतं. घटना संपली की मनानं शांत व्हायचं, यामागे जी रसायनं आहेत त्यांत ही एक. ताण महिनोन्‌महिने चालू राहिला की ही व्यवस्था ढिली पडते. उंदरांमध्ये तर असंही दिसलंय की बरेच दिवस ताणात ठेवलं की आतड्याकडून वेदना कळवणाऱ्या चेतापेशींतले सीबी-१ कमी होतात, आणि आतडं पूर्वीइतकंच ताणलं तरी दुखणं जास्त होतं. ऑफिसात वाईट महिना चाललेला असताना नेहमीचेच पोहे पोटाला जड का जातात, याचं एक कारण इथे असू शकेल. पोह्यांचा दोष नाही, आणि "हे तुझ्या मनाचे खेळ आहेत" हे घरच्यांचं म्हणणंही चूक.

आता थोडं खाण्याकडे, कारण इंदूरबद्दल लिहायचं आणि खाण्यावर यायचं नाही हे जमत नाही. हिवाळ्यात रात्री सराफ्यात, म्हणजे दुकानं मिटल्यावर खाऊगल्ली होणाऱ्या सराफा बाजारात, गराडू नावाच्या कंदाच्या कढईपाशी उभं राहून पाहा. एकदा तळून बाजूला ठेवलेले फोडींचे ढीग, गिऱ्हाईक आलं की त्यातल्या मूठभर पुन्हा तेलात. कडा तांबूस होतात, झारा निथळतो, द्रोणात पडताच वरून जीरावन मसाला आणि लिंबू. पहिली फोड जिभेवर असताना पोटात अजून काही पोचलेलंही नसतं, तरी "भैया, एक और" तोंडातून निघालेलं असतं.

कॅलिफोर्नियात डॅनिएले पिओमेली यांच्या प्रयोगशाळेनं २०११ मध्ये नेमकं हेच तपासलं, अर्थात उंदरांवर. उंदरांच्या पोटाला अशी नळी बसवली की प्यायलेलं सगळं जठरातूनच बाहेर निघून जावं, आतड्यात काही पोचू नये. मग कुणाला साखरेचं पाणी, कुणाला प्रथिनं, कुणाला मक्याचं तेल. साखर आणि प्रथिनांनी काही झालं नाही. तेलाची फक्त चव लागली, तरी लहान आतड्याच्या वरच्या भागात एंडोकॅनाबिनॉइड (म्हणजे ॲनंडामाइड, टू-एजी हे रेणू) वाढले. मेंदू आणि पोट यांना जोडणारी व्हेगस नस कापली की वाढ थांबली. आतड्यातले सीबी-१ बंद केले की उंदरांनी तेल पिणंच कमी केलं. म्हणजे जिभेनं वर कळवलं, वरून खाली निरोप आला, आणि आतड्यानं "येऊ दे अजून" म्हटलं. आवरणारी यंत्रणा अजून मागते कशी? संशोधकांची समजूत अशी की तृप्तीचा निरोप देणारी रसायनंच इथे आवरली जातात. स्निग्ध पदार्थ दुर्मीळ होते त्या काळी हे शहाणपणाचंच होतं. आमच्या छप्पन दुकान या खाऊगल्लीच्या जमान्यात त्याचा हिशेब वेगळा लागतो.

व्हेगस नसेबद्दल एक गोष्ट सांगून ठेवते. तिच्यातले सुमारे ८० टक्के तंतू खालून वर जाणारे आहेत. मेंदू पोटाला सांगतो त्याहून पोट मेंदूला जास्त सांगत असतं.

मग यात आतड्यातल्या जिवाणूंचा संबंध कुठे येतो? इथे पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटचा २०२० मधला प्रयोग जरा सावकाश पाहण्यासारखा आहे. त्यांनी काही उंदरांना आठवडेच्या आठवडे छोट्या-छोट्या, अंदाज न येणाऱ्या त्रासांत ठेवलं. ते उंदीर मरगळले. उंदीर उदास आहे हे ओळखायचं कसं, ही खरी अडचण. त्यासाठी तो नव्या जागी खायला किती कचरतो, शेपटीनं टांगल्यावर किती लवकर धडपड सोडतो, असली मापं वापरतात. (उदासीचं हे माप मला कधीच पुरतं पटलेलं नाही, पण दुसरं हाती नाही.) मग या मरगळलेल्या उंदरांच्या आतड्यातले जिवाणू त्यांनी ठणठणीत उंदरांत सोडले. कसलाही ताण न भोगता तेही तसेच वागू लागले. त्यांच्या रक्तात आणि मेंदूतल्या हिप्पोकॅम्पसमध्ये एंडोकॅनाबिनॉइड कमी झालेले दिसले, आतड्यात लॅक्टोबॅसिलस गटाचे जिवाणू (दह्यात असतात त्या गटातले) घटलेले होते. उपाय दोन करून पाहिले: टू-एजी तोडणारं मॅगल एन्झाइम औषधानं बंद करणं, किंवा लॅक्टोबॅसिलसची एक विशिष्ट जात खाऊ घालणं. दोन्हींनी उंदीर सुधारले.

दोन वर्षांनी अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातून आणखी एक प्रयोग आला. काही उंदीर चाकात तासन्‌तास पळतात, काही लवकर थकतात. हा फरक कशामुळे? जिवाणूंमुळे, असं उत्तर निघालं. काही जिवाणू असे स्निग्ध रेणू बनवतात की ते आतड्यातल्या सीबी-१ असलेल्या चेतापेशींना जागं करतात, तिथून मेंदूला निरोप जातो आणि व्यायामाच्या वेळी डोपामीन, म्हणजे हुरूप देणारं रसायन, वाढतं. प्रतिजैविकांनी जिवाणू मारले की उंदरांची पळण्याची हौस ओसरली. माणसांत एवढं नक्की की धावल्यावर रक्तातलं ॲनंडामाइड वाढतं. धावून आल्यावर मन हलकं होतं त्याचं श्रेय पूर्वी सरसकट एंडॉर्फिनला, शरीर स्वतः बनवतं त्या वेदनाशामकाला, दिलं जायचं. आता एंडॉर्फिनचे रिसेप्टर औषधानं बंद केले तरी ते हलकेपण येतं असं माणसांवर दिसल्यामुळे संशयाची सुई या यंत्रणेकडे वळली आहे.

"म्हणजे काकू, रोज दही खाल्लं की डिप्रेशन जातं?" वर्गाबाहेर हा प्रश्न ठरलेला. नाही जात. पाश्चरच्या उंदरांना दिलेली जात ठरवून निवडलेली होती, आणि तुमच्या घरच्या विरजणात कोण-कोण नांदतंय हे घरागणिक बदलतं. दही खावं, ताक प्यावं, जेवण त्यावाचून अळणी वाटतं म्हणून प्यावं. 'मूड' सुधारण्याची हमी देणाऱ्या प्रोबायोटिक पाकिटांना मात्र मी आत्ता तरी पैसे देणार नाही. उंदरात दिसलेलं माणसात उतरायला वर्षं लागतात, आणि पुष्कळदा ते उतरतच नाही.

दुसरा ठरलेला प्रश्न भांगेचा. आपण मध्य प्रदेशात राहतो, तेव्हा तो यायचाच. उज्जैनला महाकालाचा भांगेनं शृंगार होतो, भांगेची परवानाधारक दुकानं आहेत. १९८५ च्या अमली पदार्थांच्या कायद्यात गांजा आणि चरस येतात, नुसती पानं त्या व्याख्येत येत नाहीत. आतड्यावर भांगेचा परिणाम जुन्या वैद्यांना चांगला ठाऊक होता. ग्रहणी आणि अतिसारावर देतात त्या जातिफलादी चूर्णात भांग असते. १८३९ मध्ये कलकत्त्यात विल्यम ओशॉनेसी या डॉक्टरानं इथल्या वैद्य-हकिमांकडून माहिती घेऊन गांजाच्या अर्काचे प्रयोग प्रसिद्ध केले, त्यांत पटकीचे रोगीही होते. आतड्याची धावपळ आवरायची तर सीबी-१ला हात घालायचा, हे त्यांना नाव माहीत नसताना जमलं होतं.

पण शरीराचं ॲनंडामाइड आणि भांगेतलं टीएचसी यांत मोठा फरक आहे. पहिलं एका जागी बनतं आणि मिनिटांत संपतं. दुसरं एकाच वेळी सगळीकडे जातं आणि तासन्‌तास रेंगाळतं. त्यातून भांग खाऊन किंवा पिऊन घेतली की चढायला तासभर, कधी दोन तासही लागतात. होळीला "काहीच होत नाहीये" म्हणून दुसरा ग्लास घेणाऱ्यांची फजिती यातूनच होते. नियमित घेत राहिलं की मेंदू सीबी-१ची संख्या कमी करतो. मग एकदम बंद केलं की काय होतं? चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, आणि त्याच्याच जोडीला भूक मरणं, पोटात दुखणं. पुन्हा दोन्ही ठिकाणं एकदम. वर्षानुवर्षं फार घेणाऱ्यांपैकी काहींना उलट्यांचे भयंकर झटके येतात, आणि त्यांना बरं वाटतं ते कढत पाण्यानं आंघोळ करत राहिल्यावर. ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २००४ मध्ये हा आजार पहिल्यांदा नोंदवला. मळमळ थांबवायला म्हणून ओळखला जाणारा पदार्थच उलट्या घडवतो, याचं पूर्ण कारण अजून उलगडलेलं नाही.

शरीराचेच रेणू जरा जास्त टिकवता आले तर? फाह बंद केलं की ॲनंडामाइड वाढेल, ही कल्पना औषध कंपन्यांना फार आवडली होती. स्कॉटलंडमधल्या एका बाईंबद्दल २०१९ मध्ये प्रसिद्ध झालं की त्यांच्यात जन्मतःच हे एन्झाइम क्षीण आहे. त्यांना वेदना जवळजवळ कळत नाही, चिंता फारशी शिवत नाही. पण त्याआधीच, जानेवारी २०१६ मध्ये, फ्रान्समधल्या रेन शहरात फाह बंद करणाऱ्या एका औषधाच्या चाचणीत एका निरोगी स्वयंसेवकाचा मृत्यू झाला आणि काहींच्या मेंदूला इजा झाली. ते औषध ठरलेल्या एन्झाइमखेरीज इतर प्रथिनांनाही जाऊन भिडत होतं असं पुढे आढळलं. या गटातली दुसरी औषधं सुरक्षित निघाली, पण वेदनेवर अपेक्षेइतकी चालली नाहीत.

बाजारात मिळणाऱ्या तेलांविषयी थोडक्यात. हेंपच्या, म्हणजे भांगेच्याच झाडाच्या, बियांचं तेल खाद्यपदार्थ म्हणून २०२१ पासून मान्य आहे; त्यात या रिसेप्टरांवर चालणारं जवळपास काही नसतं, ते साधं खायचं तेल आहे. 'विजया' नावानं मिळणारे पानांचे अर्क हे औषध आहे, ते वैद्याच्या देखरेखीखालीच घ्यायचं. पहिल्या बाटलीवर दुसरीचे गुण छापले की किंमत दसपट होते, एवढं दुकानात लेबल वाचताना ध्यानात असू द्या.

मग सतत बिघडणारं पोट आणि सतत उतरलेलं मन, दोन्ही असलेल्या माणसानं काय करावं? आयबीएस, म्हणजे तपासण्या साफ येऊनही पोट दुखत राहणं, जुलाब किंवा बद्धकोष्ठ होत राहणं, असणाऱ्यांपैकी साधारण तिघांत एकाला चिंतेची किंवा नैराश्याची लक्षणं असतात. त्यासाठी एंडोकॅनाबिनॉइडवर चालणारी सिद्ध गोळी आज नाही. ज्याचा पुरावा आहे ते फारच साधं आहे. आपल्याच माळव्यात पिकणारं, नीमचच्या मंडीत पोत्यांनी येणारं इसबगोल. ते भरपूर पाण्याबरोबर घ्यायचं आणि थोड्यापासून सुरुवात करायची. कमी मात्रेत ॲमिट्रिप्टिलीन, जे मुळात नैराश्याचं औषध आहे आणि २०२३ मध्ये ब्रिटनमधल्या मोठ्या चाचणीत आयबीएसला उपयोगी ठरलं; हे डॉक्टरांनीच द्यायचं. मानसोपचारांनीही पोट सुधारतं, विशेषतः विचार-वर्तन उपचारांनी.

शौचात रक्त जाणं, प्रयत्न न करता वजन उतरणं, दुखण्यानं रात्री जाग येणं, पन्नाशीनंतर पहिल्यांदाच शौचाच्या सवयी बदलणं, यांतलं काही असेल तर आयबीएस म्हणून घरी बसू नका, पोटाच्या डॉक्टरांना दाखवा. दोन आठवड्यांहून जास्त दिवस मन कशातच लागत नसेल तर १४४१६ हा टेली-मानसचा सरकारी क्रमांक फुकट आणि चोवीस तास आहे, मराठीतही बोलता येतं. आणि दोन्हींपैकी कुणाहीकडे गेलात तरी पोटाचं आणि मनाचं दोन्ही सांगा, भांग किंवा विजयाचं तेल घेत असाल तर तेही. संकोच करू नका. त्यातले घटक यकृतात इतर औषधांच्या वाटेत येतात, रक्त पातळ ठेवणाऱ्या आणि फिट्सच्या गोळ्यांच्या तर नक्कीच, आणि मात्रा ठरवताना डॉक्टरांना ते माहीत असावं लागतं.